नाशिकची वाइन कोणती घ्यावी, आणि ती तशी का लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून नाशिकला जाऊन तीन-चार वायनरींत चव घेतली. पांढऱ्या वाइन आवडल्या, लाल बहुतेक जड आणि शेवटी कडवट वाटल्या. तिथे आवडलेल्या नावाची बाटली नंतर पुण्यात घेतली, तर ती वेगळीच लागली. नाशिकच्या वाइनमध्ये खरंच काही आहे की सगळा देखावा? कोणाची घ्यावी, आणि किती वर्षं ठेवावी?

मी वायनरीच्या सेलरमध्ये, म्हणजे वाइन आंबवायच्या-मुरवायच्या भागात, काम केलंय आणि आता दिंडोरी-निफाडकडच्या वाइन द्राक्षांच्या बागांना सल्ला देतो. त्यामुळे माझं बोलणं बाटलीपेक्षा वेलीकडे जास्त झुकेल. मात्र बाटल्या विकणं हा माझा धंदा नाही, तेव्हा मत द्यायला मोकळा आहे.

तुमच्या जिभेने बरोबर ओळखलंय. नाशिकच्या पांढऱ्या वाइन एकूणात लालपेक्षा पुढे आहेत, त्यातही शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां. लालमध्ये शिराझ भरवशाची. कॅबर्ने सोव्हिन्यों चांगली निघते, पण मोजक्या लोकांकडे आणि सगळ्याच वर्षी नाही. याचं मूळ एका गोष्टीत आहे: नाशिकची वाइन खायच्या द्राक्षाच्या मुलखात वाढली. इथल्या शेतकऱ्याला वेल जशी कळते तशी देशात फार थोड्या ठिकाणी कळते, आणि त्याच्या हाताला लागलेल्या सवयी वाइनला नेमक्या उलट्या पडतात.

ओझरला १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाडांनी द्राक्ष लावलं, असं जिल्ह्यात मानतात. तिथून पुढे निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी हा सगळा पट्टा द्राक्षाचा झाला. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, शरद ही खायच्या द्राक्षांच्या जातींची नावं इथल्या पोरासोरांना पाठ असतात. वाइन आली तेव्हा छाटणी कशी करायची, केवडा हा बुरशीचा रोग कसा रोखायचा, काडी कधी पक्व झाली हे शिकवायला कुणाला बाहेरून यावं लागलं नाही. बाहेरून आले ते पिंपातलं काम शिकवायला.

वेल मुळात थंड मुलखातली. तिकडे हिवाळ्यात ती पानं गाळून झोपते, वसंतात फुटते, उन्हाळ्यात फळ धरते आणि हवा थंड होत जाताना पिकते. नाशिकला ती झोपतच नाही. तिला आपल्या मर्जीवर सोडलं तर ऐन पावसाळ्यात फळ धरेल आणि केवडा-करप्याने सगळं मातीत जाईल. म्हणून इथे वर्षातून दोनदा छाटणी आणि पीक एकच. माल निघाला की एप्रिलच्या आसपास खरड छाटणी: वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तिच्या आडव्या जाड फांदीपर्यंत, कापायची आणि नव्या काड्या वाढवायच्या. पुढच्या दीड-दोन महिन्यांत त्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्मघड तयार होतात. त्यासाठी ऊन लागतं, आणि एप्रिल-मेचं ऊन नाशिकला कमी पडत नाही. पावसाळाभर फक्त पानं जपायची. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करायची आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावायचं. फूल येईपर्यंत पाऊस सरलेला असतो (असावा, असं आपण धरून चालतो), आणि घड थंडीत वाढतो.

आता तुमच्या लाल वाइनच्या कडवटपणाकडे येतो. युरोपात द्राक्ष उन्हाळ्याकडून थंडीकडे जाताना पिकतं. नाशिकला ते थंडीकडून उन्हाळ्याकडे जाताना पिकतं, म्हणजे शेवटचे दिवस सगळ्यांत गरम. सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन लवकर तयार होतात, जानेवारी-फेब्रुवारीत खुडून होतात. तेव्हा रात्री दहा अंशांच्या आसपास, कधी त्याहून खाली असतात, आणि मण्यातलं आम्ल टिकतं. शिराझ साधारण फेब्रुवारीत येते. कॅबर्ने उशिरा, पार मार्चपर्यंत रेंगाळते, तोवर दुपारी पारा पस्तिशीला गेलेला असतो. त्या उन्हात साखर भराभर चढते, पण साल आणि बी त्या वेगाने पिकत नाही. बी चावून बघितली तर हिरवी, तुरट. वाइनमेकरपुढे दोनच वाटा राहतात. आत्ता खुडलं तर तुरटपणा, कडवटपणा बाटलीत उतरणार. थांबलं तर आम्ल जाणार, अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर सरकणार आणि वाइन जड, उकडलेल्या फळासारखी होणार. तुम्हाला जड आणि कडवट दोन्ही लागली, म्हणजे दोन्ही वाटांनी गेलेल्या बाटल्या तुमच्या पेल्यात आल्या.

शेतकऱ्याच्या सवयींचा मुद्दा याच ठिकाणी येतो. खायच्या द्राक्षात मणी फुगवायचा असतो, तो पाण्याने भरायचा असतो, चमक आणायची असते. गोडी उतरावी म्हणून शेवटच्या टप्प्यात ठिबकमधून किंवा फवारणीतून शून्य-शून्य-पन्नास द्यायचं, हे अंगवळणी पडलेलं. हे खत म्हणजे पोटॅशियम. वाइनच्या द्राक्षात तेच पोटॅशियम मण्यातल्या टार्टारिक आम्लाला धरून त्याचे खडे करून टाकतं, आणि रसाचा पीएच वर जातो. पीएच ३.८ च्या पुढे गेलेली लाल वाइन रंगाला मरगळलेली, चवीला सपाट आणि जंतूंना खुलं मैदान. मग वायनरीत पोत्याने टार्टारिक आम्ल घालून ते सावरावं लागतं. उष्ण मुलखात सगळेच घालतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण बागेत खतावर पैसे खर्चून घालवलेलं आम्ल वायनरीत पुन्हा विकत आणायचं, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

खुंटाचंही तसंच. नाशिकमध्ये द्राक्ष स्वतःच्या मुळांवर आता क्वचितच असतं. आधी खुंट लावायचा, मग त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरायचं. पाणी कमी, जमीन खारवट, म्हणून खायच्या द्राक्षात डॉगरिज हा खुंट रुळला. तो ताकदवान आहे, पण पोटॅशियमही जोरात खेचतो आणि वेल माजवतो. वाइनसाठी ११०-आर हा खुंट बरा पडतो. पुण्याजवळच्या मांजरी गावचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, जे १९९७ पासून आहे, त्याचं या विषयावरचं काम शेतकऱ्यांनी अजून जास्त वाचायला हवं. जुन्या बागा मात्र ज्या खुंटावर उभ्या आहेत त्यावरच उभ्या राहणार. कोणी बाग उपटून खुंट बदलत नाही.

आणि टनेज. खायच्या द्राक्षात एकरी दहा टन काढणारा माणूस गावात नाव कमावतो. चांगल्या लाल वाइनसाठी मी एकरी तीन-चार टनांवर थांबा म्हणतो. पांढरीला पाचपर्यंत चालतं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून मला कळतं की हा माणूस हो म्हणतोय आणि घड काढणार नाहीये. त्याचंही चुकत नाही. पैसे किलोवर मिळत असतील तर घड कमी करायचे म्हणजे स्वतःच्या हाताने पैसे खाली टाकायचे. म्हणून शहाण्या वायनरी करारात साखरेचा किमान आकडा ठरवतात, म्हणजे ब्रिक्स अमुक असेल तरच माल घेणार, आणि त्यावर वाढीव दर देतात. त्याहून शहाण्या एकरावर पैसे देतात: टन किती निघतील ते आम्ही बघतो, तुम्ही सांगू तशी बाग करा. वरच्या किमतीच्या बाटल्या बहुतेक स्वतःच्या बागांतून किंवा अशा करारांतून येतात. ब्रिक्सचा आकडाही फसवा असतो हे खरं. खुड्याआधी पाणी तोडलं की मणी सुकून साखर वर दिसते, पण ते पिकणं नव्हे. म्हणून आम्ही साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात ठेवूनही मणी तोंडात टाकतो, बी चावतो.

वाइन द्राक्षाच्या बाजूनेही एक सांगितलं पाहिजे. मणी फुगवायला जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या) बुडवण्या नाहीत, विरळणीची मजुरी नाही, निर्यातीच्या पेटीसाठी मण्याचा आकार मोजणं नाही. खर्च कमी आणि दर आधीच ठरलेला. निर्यातीचा कंटेनर नाकारला गेला म्हणून रात्रभर जागणारा शेतकरी इथे निवांत झोपतो. वायनरी वेळेवर पैसे देत असेल तर.

नाशिक म्हणजे एक जागा नाही, हे चव घेताना फारसं कोणी सांगत नाही. इगतपुरीकडे, कावनई-सांजेगावच्या बाजूला, घाटमाथा जवळ. पाऊस प्रचंड, पण उतार असल्याने पाणी निघून जातं आणि हवा जरा गार राहते. गंगापूर धरणाच्या भोवती आणि दिंडोरीत मुरमाड, तांबूस, हलकी जमीन मिळते. वेल तिथे माजत नाही, मणी बारीक राहतो, आणि मणी बारीक म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. रंग, वास, तुरटपणा सगळं सालीतून येतं, म्हणून लाल वाइनला ही जमीन मानवते. निफाड सपाट, काळी खोल जमीन. खायच्या द्राक्षाला सोनं, वाइनला सांभाळून घ्यावी लागणारी. पण निफाडची थंडी काही औरच. दर हिवाळ्यात पेपरात ‘निफाडचा पारा घसरला’ अशी बातमी येते, ती कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदीवरून. पारा फारच उतरला की मणी तडकतात, मग शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक चालू करतात.

पावसाचं गणित आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस हटेना, लवकर छाटलेल्या बागांचे फुलोरे केवड्याने गेले. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाडच्या पट्ट्यात गारपिटीने तासाभरात उभ्या बागा झोडपल्या. म्हणून लेबलवरचं वर्ष नाशिकच्या बाटलीवर शोभेपुरतं नसतं. इथे दरवर्षी सारखंच ऊन, मग वर्षाने काय फरक पडतो, असं म्हणणारे लोक बागेत आलेले नसतात.

वायनरीतलं काम थोडक्यात सांगतो. खुडा रात्री किंवा पहाटे करतात, कारण दुपारी क्रेटमधला माल तापला की वायनरीत पोचण्याआधीच आंबायला लागतो. पांढऱ्याचा रस लगेच काढून गार स्टीलच्या टाकीत बारा ते सोळा अंशांवर आंबवायचा. लालला सालीसकट पंचवीसच्या आसपास. नाशिकमध्ये वायनरीचा कणा म्हणजे तिची चिलिंग यंत्रणा. फेब्रुवारीत ऐन खुड्यात वीज गेली आणि जनरेटर रुसला की काय होतं ते ज्याने पाहिलंय, तो ओक पिंपांच्या गप्पा मारण्याआधी डिझेलचा साठा विचारतो. टनभर द्राक्षातून साडेसहाशे-सातशे लिटर वाइन निघते, म्हणजे बाटलीमागे किलोपेक्षा थोडी जास्त द्राक्षं. २२५ लिटरचं फ्रेंच ओकचं पिंप आयात करावं लागतं आणि तीन-चार वर्षांत त्याची चव संपते. तुमच्या बाटलीवर ‘रिझर्व्ह’ लिहून किंमत वाढते त्याचा बराच भाग या पिंपाचा असतो. रिझर्व्ह या शब्दावर आपल्याकडे कायद्याचं काटेकोर बंधन नाही, तेव्हा तो शब्द वाइनमेकरच्या नावाइतकाच खरा.

आता माणसं.

नाशिकच्या आधी नारायणगाव होतं. श्यामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात तिथे इंडेज उभी केली. शॅम्पेनच्या पायपर-हायडसिकची तांत्रिक मदत घेऊन त्यांनी केलेली फसफसती वाइन ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात गेली. थॉमसनसारख्या आपल्या द्राक्षाच्या मुलखात असं काही होऊ शकतं, हे त्यांनी आधी दाखवलं. पुढे २०१० च्या सुमारास ती कंपनी कर्जाखाली कोसळली, पण आज नाशिकमध्ये काम करणाऱ्या जुन्या जाणत्यांपैकी काहींचे हात तिथेच तयार झाले. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतला शेतकरी संघटनेचे माधवराव मोरे यांनीही त्याच दशकात फसफसत्या वाइनचा सहकारी प्रयोग करून पाहिला. काळाच्या फार पुढे गेलेलं काम. ते टिकलं नाही.

मग सुलाचे राजीव सामंत. स्टॅनफर्डला शिकून, ओरॅकलमधली नोकरी सोडून नाशिकला घरच्या जमिनीवर आले. कॅलिफोर्नियाचे वाइनमेकर केरी डॅम्स्की यांना बरोबर घेतलं, १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन लावली आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. सुला हे नाव आई सुलभा यांच्यावरून. सामंतांचं खरं शहाणपण मला शेनिनच्या निवडीत दिसतं. फ्रान्समधली ही जात उन्हातही आम्ल सोडत नाही, उत्पन्न बरं देते आणि थोडी साखर शिल्लक ठेवली की पहिल्यांदा वाइन पिणाऱ्यालाही आवडते. आपल्याकडच्या हजारो लोकांनी आयुष्यातली पहिली वाइन प्यायली ती हीच. दुसरं शहाणपण २००५ मध्ये उघडलेली टेस्टिंग रूम. लोकांना दुकानात बाटली विकण्याआधी त्यांना बाग दाखवावी लागेल, हे त्यांना लवकर कळलं. सेलरमध्ये बरीच वर्षं अजॉय शॉ होते, सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर. त्यांच्यानंतर आलेल्या पिढीतली बरीच मुलं सूक्ष्मजीवशास्त्र करून, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइनचा अभ्यासक्रम करून आलेली आहेत. कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली आणि देशातल्या वाइनचा निम्म्याच्या आसपास बाजार तिच्याकडे आहे. मोठी आहे म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात. मी म्हणेन, तिची साधी शेनिन आणि दिंडोरी रिझर्व्ह शिराझ या दोन बाटल्यांवरून नाशिकचा अंदाज घ्या. शेनिनची लेट हार्वेस्ट ही गोड वाइनही चांगली. महागातली रासा चांगल्या वर्षाची असेल तरच घ्या.

सुलाच्या वाढीला २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने हात दिला. वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ झालं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क आले. मग जो तो वायनरी काढायला निघाला. ज्यांना टाक्या कशा धुवायच्या हे माहीत नव्हतं अशांनीही अनुदान पाहून टाक्या घेतल्या. २००८ ला जागतिक मंदी आणि नोव्हेंबरातला मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस पडली, आणि वायनरींच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. शेतकऱ्यांचे पैसे ठिकठिकाणी अडकले. बऱ्याच जणांनी शिराझ-कॅबर्नेच्या बागा उपटल्या किंवा त्याच खुंटावर पुन्हा थॉमसन चढवली. आजही एखाद्या गावात वाइन द्राक्षाचं नाव काढलं की म्हातारे तोंड फिरवतात, ते या काळामुळे. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्या शिक्क्याने बाजारात अजून फारसा फरक पडलेला दिसत नाही. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, विरोध झाला, आणि विषय तिथेच थांबला.

त्या पडझडीतून जे उरले ते बहुतेक कामाचे लोक आहेत. गुरनानी कुटुंबाची यॉर्क गंगापूर धरणाजवळ. कैलाश गुरनानी ऑस्ट्रेलियात वाइन शिकून आले, आणि त्यांची आरोस ही शिराझ-कॅबर्ने बऱ्याच महागड्या बाटल्यांना लाजवायची. यॉर्क २०२१ मध्ये सुलाने घेतली. कावनईला मुकणे धरणाजवळ शैलेंद्र पै यांची व्हॅलोने, लहान वायनरी, वाइनमेकर संकेत गावंड. जोखीम घेण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. द्राक्षं सुकवून केलेली त्यांची गोड वाइन मिळाली तर सोडू नका. कुंदेवाडीला यतीन पाटलांची रेव्हेलो. सगळे फ्रान्सकडे बघत असताना त्यांनी इटलीच्या वाइनमेकरला आणलं आणि सिसिलीच्या ग्रिल्लो आणि नेरो द’आवोला या जाती लावल्या. उन्हात वाढणाऱ्या जाती उन्हातच लावाव्यात, हा साधा विचार नाशिकमध्ये फार थोड्यांनी केला. माझं वैयक्तिक मत, येत्या काळात कॅबर्नेपेक्षा अशा जातींकडे वळलं पाहिजे. दिंडोरीत चारोसा वायनरीची टेम्प्रानियो, ही स्पेनची जात, हाही त्याच दिशेचा चांगला प्रयोग होता. ती वायनरी नंतर ग्रोव्हर झांपाकडे गेली.

ग्रोव्हर झांपाबद्दल एक खबरदारी. कंपनीची सांजेगावला वायनरी आहे, आणि मूळची कर्नाटकात नंदी हिल्सजवळ. त्यांची प्रसिद्ध ला रिझर्व्ह नंदी हिल्सची, नाशिकची नव्हे. तिथे रात्री वर्षभर गार असतात, त्यामुळे तिची तुलना नाशिकच्या लालशी करून नाशिकला नावं ठेवू नका. फ्रातेल्लीचंही तसंच: सेत्ते उत्तम, पण ती सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची. दुकानात ही सगळी एकाच कप्प्यात असतात म्हणून गफलत होते.

फसफसत्या वाइनकडे मात्र तुम्ही लक्षच दिलेलं दिसत नाही. माझ्या मते नाशिकला सर्वांत मानवणारा प्रकार हाच. तिच्यासाठी द्राक्ष पूर्ण पिकण्याआधी, आम्ल भरपूर आणि साखर बेताची असताना खुडतात, म्हणजे मार्चच्या उन्हाशी गाठच पडत नाही. फ्रान्सच्या मोएत हेनेसीने २०१३ मध्ये दिंडोरीची शांदों बाजारात आणली. नाव मोठं आहे म्हणून नव्हे, पण अशा कंपनीने फसफसत्या वाइनसाठी दिंडोरी निवडली, याला काही अर्थ आहे. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची जुनी पद्धत वापरतात. झांपाची स्वारे हीही त्याच पद्धतीची, आणि किमतीच्या मानाने चांगली. कोथिंबीर वडी, सुरळीची वडी, तळलेले बोंबील यांच्याबरोबर यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही.

जेवणाचं निघालंच आहे तर: काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर लाल वाइन हा शहरी हट्ट सोडा. तिखटाने अल्कोहोल आणखी जळजळतं आणि तुरटपणा दुप्पट होतो. थोडी गोडसर शेनिन किंवा गार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्या. शिराझ प्यायची असेल तर भाजलेलं मांस, कबाब, खिमा, असं सुकं आणि बेताच्या तिखटाचं काहीतरी. मिसळीबरोबर काहीच पिऊ नका, पाणी प्या.

पुण्यात तीच बाटली वेगळी का लागली? तीन शक्यता. वर्ष वेगळं असेल. वायनरीत ताजं वर्ष ओततात, दुकानात मागचंच उरलेलं असतं. खालच्या किमतीच्या बाटल्यांत वेगवेगळ्या गावांच्या मालाचं मिश्रण असतं, तेव्हा थोडा फरक भरण्या-भरण्यांतही पडतो. पण माझा संशय तिसऱ्या गोष्टीवर, उष्णतेवर. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात, मग ट्रकमध्ये, मग वातानुकूलन नसलेल्या दुकानात दिव्याखाली उभी राहिलेली पांढरी वाइन काही आठवड्यांत म्हातारी होते. रंग गडद पिवळा, वासात सफरचंद कुजल्यासारखं काहीतरी. तुमची बाटली तशी असेल तर वायनरीला दोष देण्यात अर्थ नाही. दुकान निवडताना बाटल्या किती थंड जागेत आहेत आणि माल किती खपतो हे बघा. कप्प्यात आडवी, धूळ बसलेली बाटली बघून ‘जुनी म्हणजे भारी’ असं वाटत असेल तर मागे फिरा.

त्यावरून तुमचा शेवटचा प्रश्न. शेनिन आणि सोव्हिन्यों लेबलवरच्या वर्षापासून दीड-दोन वर्षांत संपवा. रोझे त्याहून लवकर. साधी लाल तीन वर्षांत. ओकमध्ये ठेवलेली चांगली शिराझ किंवा कॅबर्ने पाच-सहा वर्षं टिकते, क्वचित जास्त, पण ती सोळा-अठरा अंशांवर ठेवलेली असेल तरच. पुण्यातल्या फ्लॅटच्या कपाटात ती टिकणार नाही. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवलेली बरी. फिरकीचं झाकण बघून नाराज होऊ नका. आपल्या हवेत कॉर्क सुकून आकसतो, फिरकी बिनतक्रार काम करते. आणि लाल वाइन ‘रूम टेम्परेचरला’ प्यायची म्हणतात ती खोली युरोपातली. आपल्याकडे ती उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये घाला, तुम्हाला वाटलेलं जडपण निम्मं तिथेच कमी होईल.

पुन्हा जाणार असाल तर फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यांत जा, शनिवार-रविवार सोडून. तेव्हा पांढऱ्याची टाकी आंबून संपत आलेली असते आणि शिराझचा खुडा चालू असतो. गर्दीच्या वायनरीत एकच करा, आणि दुसऱ्या दिवशी कावनई किंवा कुंदेवाडीसारख्या आडबाजूच्या एका लहान वायनरीला आधी फोन करून जा. ओतणाऱ्याला विचारा, हा माल कोणत्या गावचा आणि खुडा कधी झाला. त्याला माहीत नसेल तर आतून वाइनमेकरला बोलवायला सांगा. खुड्याच्या दिवसांत तो दमलेला असेल, बुटांवर साली चिकटलेल्या असतील, पण टाकीतून थेट काढलेली धुरकट, न गाळलेली शेनिन तोच तुम्हाला चाखवू शकतो.